पाण्याला विटाळ नाही

मे महिना लागला की शहरांतील नगरपालिकांचे पोहण्याचे तलाव मुलांच्या गलबल्याने भरून जातात. उन्हाळी सुट्टीतील २१ दिवसांच्या वर्गांच्या जागा पाहता पाहता संपतात. पहिल्या आठवड्यात काठाला धरून पाय मारणारी मुले तिसऱ्या आठवड्यात खोल पाण्यात बेधडक उड्या घेऊ लागतात. या दृश्यात एखादी मुलगी मात्र काठावरच्या बाकावर बसलेली असते. तिचे वय बारा-तेरा वर्षांचे. तिचे शुल्क भरलेले आहे, परवापर्यंत ती इतरांबरोबर पाण्यातही होती. आज मात्र 'पोट दुखते आहे' एवढेच ती सांगते. प्रशिक्षक नजर वळवतो आणि अधिक विचारत नाही. पाच दिवसांनी ती परत येते तोवर बाकीच्यांना श्वासाची लय साधलेली असते. २१ दिवसांतले पाच दिवस म्हणजे वर्गाचा जवळजवळ चौथा हिस्सा. पुढच्या उन्हाळ्यात ती बहुधा नावच घालीत नाही.

या मुलीसाठी बाजाराने गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू आणली आहे. तिचे नाव 'पिरियड स्विमवेअर', म्हणजे पाळीच्या दिवसांत घालावयाचा पोहण्याचा पोशाख. दिसावयास तो इतर पोशाखांसारखाच असतो. फक्त आतल्या बाजूस शोषक कापडाचे अस्तर असते. पॅड नको, टॅम्पन नको, हा पोशाख चढवा आणि निर्धास्त पोहा, असे जाहिराती सांगतात. हा दावा खरा आहे काय, असा प्रश्न मुली आणि त्यांच्या आया विचारू लागल्या आहेत. प्रश्न साधा आहे व त्याला सरळ उत्तर मिळावयास हवे. पोशाख काम देतो. परंतु जाहिरात सांगते तेवढे नव्हे, आणि जाहिरात सांगते त्या जागीही नव्हे. या उत्तराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे.

प्रथम हिशेब पाहावा. एका पाळीत जाणारे रक्त सरासरीने ३० ते ४० मिलिलिटर असते, म्हणजे आठ चहाच्या चमच्यांहून अधिक नाही. ८० मिलिलिटरच्या वर गेले तर वैद्यक त्याला अतिस्राव म्हणते. रक्ताबरोबर इतर द्रवही जातात. ते धरून हा आकडा वाढतो, तरीही तो स्त्रियांच्या मनात भीतीने घेतलेल्या आकारापेक्षा पुष्कळच लहान राहतो. यातला मोठा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांत जातो. भराचा दिवस धरला तरी एका तासाच्या वाट्याला एक-दोन मिलिलिटरच येतात. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर पाणी मावते. त्यात एक मिलिलिटर रक्त पूर्णपणे मिसळले असे धरले, तरी ते जवळजवळ ४७ कोटी भागांत एक भाग होते. त्याच पाण्यात पोहणाऱ्या प्रत्येकाचा घाम, लाळ, नाकातील शेंबूड आणि लहान मुलांचे मूत्रही मिसळत असते. क्लोरीन घालतात ते याचसाठी. ज्या तलावात क्लोरीनचे प्रमाण योग्य राखले आहे तेथे पाळीतल्या स्त्रीमुळे कुणाला रोग होण्याचे कारण नाही. जेथे ते राखलेले नाही तेथे धोका अस्वच्छ पाण्याचा आहे, त्या स्त्रीचा नव्हे.

आता पोशाखाची रचना पाहू. त्यात सामान्यतः तीन थर असतात. अंगाला लागणारा थर स्राव चटकन आत ओढतो, मधला सुती, बांबूच्या धाग्याचा किंवा सूक्ष्म कृत्रिम तंतूंचा थर तो धरून ठेवतो, आणि बाहेरचा, बहुधा पॉलियुरेथेनचा पातळ लेप दिलेला थर त्याला बाहेर जाऊ देत नाही. मांड्यांशी असलेली लवचीक पट्टी घट्ट बसली पाहिजे, कारण सारे त्या कडेवर अवलंबून असते. साधे पॅड पाण्यात निरुपयोगी ठरते. त्यातील शोषक भुकटीला रक्त आणि पाणी यांतला भेद कळत नाही. ती तलावाचे पाणी पिऊन फुगते, चिकटपट्टी सुटते आणि पॅड लोंबू लागते. पाळीच्या पोशाखाचे अस्तर पातळ असते, शिवलेले असते, त्यामुळे ही फजिती टळते. परंतु पाणी त्याच्याही आत शिरतेच. कड कितीही घट्ट असली तरी मानवी अंग हलते, पाय फाकतात, आणि भिजलेल्या कापडात नव्या द्रवाला जागा उरते ती कोरड्या कापडापेक्षा कमीच. आतल्या पाण्याची बाहेरच्या पाण्याशी अदलाबदल मंद गतीने व्हावी, एवढेच हे कापड साधू शकते.

ते किती धरते, या प्रश्नावर उत्पादकांचे आकडे एकसारखे नाहीत. कुणी एक चमचा सांगतात, कुणी दोन-तीन. पाळीच्या वस्तूंची शोषणशक्ती वर्षानुवर्षे पाण्याने किंवा मिठाच्या द्रावणाने मोजली जात होती. रक्त मात्र पाण्याहून दाट असते आणि कापडात निराळ्या रीतीने मुरते. 'बीएमजे' समूहाच्या लैंगिक व प्रजनन आरोग्यविषयक नियतकालिकात २०२३ साली अमेरिकेतील ऑरेगन येथील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी २१ उत्पादनांची चाचणी रक्तपेढीतील मुदत संपलेल्या मानवी रक्ताने केली. त्यात आत बसवावयाच्या चकतीने सर्वाधिक, सरासरी ६१ मिलिलिटर रक्त धरले. पाळीच्या अंतर्वस्त्रांनी सर्वांत कमी, सरासरी सुमारे २ मिलिलिटर. ही चाचणी अंतर्वस्त्रांची होती, पोहण्याच्या पोशाखाची नव्हती. परंतु तत्त्व तेच, थर तेच. आणि पोहण्याच्या पोशाखाला पाण्यात भिजून काम करावयाचे असते. तेव्हा वेष्टनावरील आकडा प्रमाण मानून कुणी मुलगी भराच्या दिवशी दोन तास तलावावर गेली, तर तिची फसगत होण्याचा संभव आहे.

येथे एक गैरसमजही दूर करावयास हवा. पाण्यात उतरले की पाळी थांबते, असे अनेकींना वाटते. पाळी थांबत नाही. भोवतालच्या पाण्याचा दाब स्रावाला खाली वाहू देत नाही, इतकेच. खोकला आला, हसू आले, उडी मारली की थोडा स्राव बाहेर येऊ शकतो, पण तो इतका थोडा असतो की क्षणात विरून जातो आणि कुणाला दिसतही नाही. मुलगी शिडीवरून वर येते तेव्हा मात्र पाण्याचा आधार सुटतो, गुरुत्वाकर्षण पुन्हा काम करू लागते, आणि मांडीवरून ओघळणाऱ्या पाण्यात लाल रेघ मिसळू शकते. शिडीपासून कपडे बदलण्याच्या खोलीपर्यंत वीस पावले असतील. या पोशाखाची खरी कामगिरी त्या वीस पावलांतली आहे. पाण्यात त्याची फारशी गरज नसते. गरज असते ती काठावर, जेथे माणसे उभी असतात. पाण्याला रक्ताची अडचण नाही. अडचण आहे ती डोळ्यांची.

या मर्यादेत पोशाखाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. पाळीच्या शेवटच्या दिवसांत, स्राव हलका असताना, अर्ध्या-पाऊण तासाच्या पोहण्यासाठी तो एकटा पुरतो. पाळी केव्हा येईल याचा नेम नसलेल्या, नुकत्याच वयात आलेल्या मुलीला तो धीर देतो. शरीराच्या आत काही बसवणे जिला जमत नाही किंवा नको आहे, तिला तो पर्याय देतो. भराच्या दिवशी मात्र तो जोडीला घ्यावा. मुख्य भिस्त कपवर किंवा टॅम्पनवर ठेवावी. टॅम्पन आठ तासांहून अधिक ठेवू नये, व पोहून आल्यावर लगेच बदलावा. १९८० साली अमेरिकेत अतिशोषक टॅम्पनांशी निगडित घातक विषबाधेने अनेक तरुणींचे प्राण घेतले, त्यानंतर हा नियम जगभर कडकपणे सांगितला जाऊ लागला. कपविषयी 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यात तो सुरक्षित असल्याचे आणि त्यातून होणारी गळती पॅड-टॅम्पनइतकी किंवा त्याहून कमी असल्याचे दिसले. पोहण्यासाठी आज त्याहून भरवशाचे साधन नाही.

असे असूनही कप आपल्याकडे चालत का नाही? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार १५ ते २४ वयोगटातील ६४ टक्के मुली बाजारातील पॅड वापरतात, ५० टक्के कापड वापरतात. काही दोन्ही वापरतात. टॅम्पन आणि कप यांचे प्रमाण नगण्य आहे. याचे कारण केवळ किंमत नाही. काही शे रुपयांचा कप कित्येक वर्षे टिकतो. हिशेबाने तो पॅडपेक्षा स्वस्तच पडतो. आडवी येते ती कौमार्याची कल्पना. योनिपटल शाबूत असणे म्हणजे चारित्र्य शाबूत असणे, ही समजूत वैद्यकाने केव्हाच मोडीत काढली आहे. खेळताना, सायकल चालवताना ते ताणले जाते, आणि काही जणींना ते जन्मतःच नसते. तरीही मुलीला कप आणून देणाऱ्या आईचा हात सासूच्या धाकाने थबकतो. म्हणून मग कापडाची वस्तू अधिक सोयीची वाटते. ती समजुतीला धक्का लावीत नाही. बाजाराने हे अचूक हेरले आहे.

बाजाराचा दोष असा, की तो भीती मोडीत नाही. भीतीचे माप घेऊन त्यावर कपडा शिवतो. 'कुणाला कळणारसुद्धा नाही' हे त्याचे सर्वांत मोठे आश्वासन असते. कळले तर काय बिघडेल, हा प्रश्न त्याच्या जाहिरातीत कधी येत नाही, कारण त्या प्रश्नाचे उत्तर सापडले तर विक्री कमी होईल. शिवाय या पोशाखाची किंमत साध्या पोशाखाहून बरीच अधिक; वाढत्या वयाच्या मुलीला तो वर्षा-दीड वर्षात लहान होणार, आणि कड सैल झालेला पोशाख कामाचा नाही. कापडावर पाणी टिकू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही लेपांत निसर्गात न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायने असू शकतात. अशा रसायनांवरूनच अमेरिकेत पाळीच्या अंतर्वस्त्रांच्या एका प्रसिद्ध उत्पादकावर ग्राहकांनी दावा लावला, आणि २०२३ साली दोष मान्य न करता त्याने लाखो डॉलरांची तडजोड केली. अंगाच्या सर्वांत नाजूक भागाशी तासन्‌तास राहणाऱ्या कापडात काय आहे, हे वेष्टनावर लिहिलेले असावे, ही मागणी मुळीच अवाजवी नाही.

परंतु सारा दोष बाजाराच्या माथी मारणे हा पळपुटेपणा होईल. भीती बाजाराने निर्माण केलेली नाही; ती त्याला आयती मिळाली. महाराष्ट्राच्या खेड्यांत मुले विहिरीत पोहावयास शिकत आली. पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा बांधून काका-मामा त्यांना पाण्यात ढकलीत. लहान वयात कित्येक मुलीही या खेळात असत. न्हाण आले की त्यांचा भोपळा धाकट्या भावाच्या पाठीला जाई. त्या दिवसापासून दर महिन्याला चार दिवस विहिरीवर जावयाचे नाही, पाण्याच्या हंड्याला शिवावयाचे नाही, लोणच्याच्या बरणीवर सावली पाडावयाची नाही. 'कावळा शिवला' या दोन शब्दांत घरातल्या पोराटोरांनाही सारे समजे. नकळत घडलेल्या या शिवाशिवीच्या 'पापा'चे क्षालन म्हणून भाद्रपदात ऋषिपंचमीचे व्रत आहेच. ज्या समाजाने शरीरधर्माला प्रायश्चित्त सांगितले, त्या समाजातील मुलगी तलावाच्या काठावर बसून राहते यात नवल कसले? काही तलावांवर तशी सूचना लिहिलेली असते. बहुतेक ठिकाणी पाटीचीही गरज पडत नाही. पाटी मुलीच्या मनातच टांगलेली असते.

पाणी माणसाच्या स्पर्शाने बाटते, हा सिद्धान्त महाराष्ट्राला अपरिचित नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. आंबेडकरांनी व त्यांच्या सहस्रावधी अनुयायांनी ओंजळीने प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी गोमूत्र, शेण, दही, दूध यांच्या घागरी ओतून तळ्याची 'शुद्धी' केली. गुरे ज्या पाण्यात उतरत ते पाणी माणसाच्या ओंजळीने बाटले होते! न्यायालयात हा लढा दहा वर्षे चालला, आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. त्याच १९२७ साली र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू करून शरीराविषयी उघडपणे व शास्त्रीय भाषेत बोलण्याचे व्रत घेतले आणि त्यासाठी खटले सोसले. या दोन प्रवाहांचा संगम पाळीच्या प्रश्नात होतो. जातीच्या विटाळाविरुद्ध बोलणारी घरेदेखील बाईच्या विटाळाविषयी पुष्कळदा गप्प राहिली, हे कटू असले तरी खरे आहे. विटाळ दोन्हीकडे एकच आहे: ज्याच्या श्रमावर घर चालते त्याच्याच स्पर्शाची किळस.

भारतीय राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद या संदर्भात मुद्दाम वाचण्याजोगा आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात धर्म, वंश, जात यांच्या बरोबरीने लिंगाचाही उल्लेख आहे, आणि सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांच्या वापरावर या कारणांवरून कोणतेही बंधन घालता येणार नाही, असे तेथे नि:संदिग्ध शब्दांत सांगितले आहे. महाडच्या तळ्याचे पाणी या कलमापर्यंत पोहोचले आहे. नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव म्हणजे सार्वजनिक पैशाचा तलावच. पाळी फक्त स्त्रीला येते. म्हणून पाळीच्या कारणावरून घातलेली बंदी ही स्त्री असल्याच्या कारणावरून घातलेली बंदी होय. ती लेखी असो वा तोंडी, प्रशिक्षकाची असो वा पहारेकऱ्याची, तिला घटनेचा आधार नाही.

यावर काही सज्जन विचारतील, की ज्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी बायकांना मैलोगणती चालावे लागते, तेथे पोहण्याच्या पोशाखाची चर्चा कशाला? आक्षेपातील कळकळ खरी आहे, पण पोहणे ही चैन आहे हे त्यामागचे गृहीतक खोटे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. कपडे धुवावयास तळ्यावर गेलेल्या मायलेकी बुडाल्या, एकीला वाचवावयास दुसरी गेली व तीही परतली नाही, अशा बातम्या महाराष्ट्रातील वाचकांना नव्या नाहीत. पाण्याशी ज्यांचा नित्य संबंध त्यांनाच पोहता येत नाही, कारण शिकण्याच्या वयात त्यांना पाण्यापासून दूर ठेवले गेले. पोहता येणे ही जीव वाचवणारी विद्या आहे, आणि ती शिकण्याचे दिवस मुलीच्या आयुष्यात नेमके पाळी सुरू होण्याच्या सुमारासच संपतात.

शिवाय पाण्यात उभे राहणे हा ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचा विचार या पोशाखाच्या उत्पादकांनी क्वचितच केला असेल. कोकणात आषाढात इरले पाठीवर घेऊन गुडघाभर चिखलात भाताची लावणी करणारी बाई पाळी आली म्हणून घरी बसत नाही. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उतरून कालवे आणि शिंपले काढणाऱ्या बायकांना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाळीसाठी बदलता येत नाही. तेव्हा कुणाला विटाळ आठवत नाही. देवघरापाशी वर्ज्य असलेली बाई शेतात वर्ज्य नसते. घडी घातलेले जुने कापड भिजून मांड्यांना घासते, सोलटते, आणि आडोसा नसल्याने दिवसभर बदलता येत नाही. पाण्यात टिकणाऱ्या, न घासणाऱ्या, स्वस्त व धुवून पुन्हा वापरता येणाऱ्या कापडाची सर्वांत अधिक गरज कुणाला आहे, तर ती या बायकांना. विज्ञानाने वस्तू निर्माण केली. ती सागरकिनारी सुट्टी घालवणाऱ्यांच्या कपाटात जावी की लावणीच्या बांधावर, हे ठरवणे विज्ञानाच्या हातात नाही. तो समाजव्यवस्थेचा प्रश्न आहे.

उघडपणाने काय साधते याचे एक उदाहरण जगाने पाहिले आहे. २०१६ च्या ऑगस्टमध्ये रिओ येथील ऑलिंपिकमध्ये चीनच्या स्त्रियांचा संघ चार गुणिले शंभर मीटर मिश्र रिले शर्यतीत चौथा आला. शर्यतीनंतर फू युआनहुई या जलतरणपटूने दूरचित्रवाणीच्या वार्ताहराला सांगितले, की आदल्या रात्री पाळी सुरू झाल्याने थकवा होता, पण ती सबब नव्हे. तिच्या देशात टॅम्पनचा वापर फारच थोडा. पाळीत पाण्यात उतरता येते, हेच अनेकांना त्या दिवशी प्रथम कळले. तिने लपवले असते तरी शर्यतीचा निकाल बदलला नसता. परंतु तिने सांगितल्यामुळे जे कळले ते कोणत्याही जाहिरातीने कळले नसते.

याच्या नेमके उलट दृश्य महाराष्ट्राने जुलै २०२५ मध्ये पाहिले. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील एका खासगी शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग आढळले. ते कुणाचे हे शोधण्यासाठी मुलींना पाळीविषयी विचारून काहींचे कपडे उतरवून तपासणी केल्याची तक्रार संतप्त पालकांनी केली. गुन्हा नोंदला गेला आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. स्वच्छतागृहातील फरशीवर रक्ताचा डाग पडणे ही पाणी ओतून दोन मिनिटांत निकालात निघणारी गोष्ट. तिचा गुन्हा करण्यात आला, कारण डाग दिसला होता. अशा शाळेतील मुलगी तलावाच्या काठावरची वीस पावले कशी चालेल? तिला तीन थरांचा पोशाख दिला, तरी तिच्या मनातील धास्ती शोषून घेणारा चौथा थर कोणता कारखाना बनवणार आहे?

तेव्हा करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत, आणि त्यांतील बहुतेक खर्चिक नाहीत. प्रत्येक सार्वजनिक तलावाच्या स्त्रियांच्या विभागात आतून कडी लागणारी खोली, तिच्यात नळ, झाकणाचे कचऱ्याचे डबे आणि एक बाक असावा. तलावाच्या शिडीजवळ पंचा किंवा टॉवेल अडकवण्यास खुंट्या असाव्यात. वीस पावलांचा निम्मा प्रश्न एका गडद रंगाच्या पंचाने सुटतो! पाळीत पोहण्यास मज्जाव नाही, अशी सूचना प्रवेशद्वारावर स्वच्छ मराठीत लिहावी. मुलींच्या वर्गांना प्रशिक्षिका नेमाव्यात, आणि प्रशिक्षकांना याविषयी न अडखळता बोलावयास शिकवावे. हुकलेले दिवस भरून देण्याची सोय वर्गाच्या नियमांतच असावी, कारण पोहण्याचा अधिकार म्हणजे पोहण्याची सक्ती नव्हे. वेदना होत असताना विश्रांती घेणे हाही अधिकारच आहे. बिहार सरकारने १९९२ पासून आपल्या स्त्री-कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा देऊन तो मान्य केला. हलक्या व्यायामाने काहींच्या वेदना कमी होतात, काहींच्या होत नाहीत. निर्णय जिचा तिने घ्यावा. काठावर बसायचे की पाण्यात उतरायचे हे विटाळाने ठरवू नये.

वस्तूंच्या बाबतीत राज्याने अंग काढून घेऊ नये. भारतीय मानक ब्युरोने धुवून पुन्हा वापरावयाच्या पॅडसाठी २०२१ साली मानक आखले. पोहण्याच्या पोशाखाच्या शोषणशक्तीची चाचणी क्लोरीनयुक्त पाण्यात भिजलेल्या अवस्थेत, रक्तासारख्या दाट द्रवाने व्हावी, आणि वापरलेल्या रसायनांची नावे वेष्टनावर असावीत, हेही कायद्याने बंधनकारक करता येईल. २०१८ साली महाराष्ट्राने 'अस्मिता' योजनेतून जिल्हा परिषद शाळांतील मुलींना पाच रुपयांत आठ पॅड देण्याचा उपक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी जनमताच्या रेट्याने पॅडवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. केरळात २०१९ साली केंद्राच्या मालकीच्या एचएलएल लाइफकेअरने आलप्पुळ येथे पाच हजार कप वाटले व त्यांच्या वापराचे शिक्षण दिले. सार्वजनिक उद्योगाने मनावर घेतले तर कप असो वा पाण्यात टिकणारे कापड, ते खाडीतल्या बाईपर्यंत पोहोचू शकते. पण वस्तूबरोबर शब्दही पोहोचला पाहिजे. केरळच्या उपक्रमात कप वाटण्याबरोबर समजावून सांगण्यावर भर होता, त्याचे कारण हेच.

पाळीतला पोहण्याचा पोशाख चालतो काय, या प्रश्नाचे उत्तर घरोघरच्या मुलींना देताना म्हणून दोन्ही गोष्टी सांगाव्यात. हलक्या दिवसांना तो पुरतो, भराच्या दिवशी एकटा पुरत नाही. पोहून आल्यावर लगेच बदलावा, थंड पाण्यात खळखळून धुवावा, आणि उन्हात, चार कपड्यांच्या मधे न लपवता, दोरीवर वाळत घालावा. तो दोरीवर उघड वाळत घालता येतो, हा कदाचित त्याचा सर्वांत मोठा गुण असेल. पाळीचे कापड कोनाड्यातल्या अंधारात दमट ठेवून वापरणाऱ्या पिढ्यांना हे सुख मिळाले नाही. आणि दुसरी गोष्ट अशी, की समजा कड सैल झाली, अस्तर कमी पडले आणि शिडी चढताना एक लाल रेघ पायावर ओघळलीच, तर तलावाचे काही बिघडत नाही. पंचा घ्यावा, खोलीत जावे, कपडे बदलावेत. काठावर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांनी त्या वेळी एवढेच करावे, की मार्ग द्यावा. आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली की काल कुठपर्यंत शिकवून झाले होते, तेथून पुढे शिकवावे.